अर्धा गुण

गेल्या मे महिन्यात आमच्या मागच्या खोलीत एक धामण नऊ दिवस राहून गेली. ‘राहून गेली’ म्हटलं की पाहुण्याबद्दल बोलल्यासारखं होतं, पण दुसरा शब्द जमत नाही. पाळली म्हणावं तर तो गुन्हा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या रानातला साप घरी पाळता येत नाही. कोंडली म्हणावं, तर तिच्या बाजूनं ते खरं असेलही, पण माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही. उन्हाळ्यात जानेफळातल्या घराघरांत कुणी ना कुणी येऊन राहतंच. पुण्याची नातवंडं येतात, लग्नघरची जादा माणसं येतात, एखादी बाळंतीण येते. तशी ही आली.

तिला घेऊन आला तो माझा एक जुना विद्यार्थी. विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं त्याचं दुकान आहे. कॉलेजात असताना साप धरायला लागला आणि आता आसपासच्या गावांत कुणाच्या न्हाणीत, कडब्यात, चुलीमागे साप निघाला की आधी याला फोन जातो. दुपारचे तीन वाजले होते. कुलरमधलं पाणी संपत आलं होतं. हा दारात उभा, हातात उशीच्या अभ्र्यासारखी कापडी पिशवी, तिचं तोंड करकचून बांधलेलं, आणि पिशवी आपली आपण हलत होती.

“मॅडम, मांगची खोली रिकामी हाये ना तुमची?”

त्याच्या घरी बहीण बाळंतपणाला आलेली, बाळ अकरा दिवसांचं. आईनं बजावलं होतं, या वेळी घरात साप आणायचा नाही. दुकानावर पत्रे. मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणूस टिकत नाही, तिथं साप काय टिकणार. आमची मागची खोली जुनी, मातीच्या रुंद भिंतींची, वर धाबं. भर दुपारी तिथं जमिनीला पाय लावला तरी गार लागतं. मी हो म्हणाले. आमच्या ह्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, “विषारी आहे का?”

“नाही काका, धामण.”

“मग ठेव,” म्हणून ह्यांनी पान उलटलं.

ती जाळ्यात सापडली होती. रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून हल्ली काही शेतकरी धुऱ्यावरून जुनं मासे धरायचं नायलॉनचं जाळं ओढून घेतात. डुकरांना ते किती अडवतं कोण जाणे, साप मात्र त्यात अडकतो. उंदरामागे निघालेली धामण डोकं आत घालते, मान जाते, मग पोटाचा जाड भाग येतो आणि तिथं गाडी थांबते. मागे फिरावं तर खवल्यांच्या कडांत धागा रुततो. म्हणून ती पुढेच घुसत राहते आणि तंगूस मासात उतरत जातो. हिला दोन ठिकाणी असा फास बसला होता. तो त्यानं मोटारीची तार कापायच्या लहान कटरनं एकेक धागा तोडून काढला होता. केसाएवढी तांब्याची तार रोज गुंडाळणारी बोटं ती. वनरक्षकाला कळवून झालं होतं, गुरांच्या डॉक्टरांनी जखमा धुऊन औषध लावून दिलं होतं. आता सोडायची, तर नेमकी ती कातीवर आलेली.

“आंधळी हाये सध्या,” तो म्हणाला. “आन् वरून हे जखमा. अशी सोडली तं कुत्रे फाडतीन.”

झाकणाला भोकं पाडलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात त्यानं तिला सोडलं. खाली जुने पेपर, कोपऱ्यात अर्धं ओलं केलेलं पोतं, एक वीट आणि पाण्याचं पसरट भांडं. धामण मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर धुऱ्यावरून सरसरत जाणारी, उन्हात तेल लावल्यासारखी चकाकणारी, शेपटाकडे काळे पट्टे गडद होत गेलेली. ही तशी नव्हतीच. कुणीतरी अंगाला राख फासून ठेवल्यासारखी होती. आणि डोळे! धामणीचा डोळा मोठा, काळाभोर, गोल असतो. तो एवढा ठळक की ती आपल्याकडेच पाहते आहे असं वाटतं. इथं त्या जागी तांदळाच्या धुवणाचे दोन थेंब होते. सापाला पापणी नसते, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो काचेसारखा. कात टाकायची वेळ आली की जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये पातळ पाण्यासारखा थर धरतो आणि ती काच धुरकटते. त्या धुक्यातून ती जीभ बाहेर काढून खोलीचा वास घेत होती. झाकण लावताना तिनं मान फुगवून असा काही घुमणारा आवाज काढला की मी चार पावलं मागे सरले. त्याच्या मनगटावर दाताची रांग उमटली होती. तो नळाखाली साबणानं हात धुऊन आला आणि चहा प्यायला.

चहा पिताना त्यानं ती गोष्ट काढली.

“मॅडम, आठवते का, आठवीत तुम्ही माहा अर्धा गुण कापला होता.”

मला आठवत नव्हतं. तीस-बत्तीस वर्षांत कापलेले अर्धे गुण कोण लक्षात ठेवतं. त्याला मात्र पेपरचं पान कुठं मुडपलं होतं तेही आठवत होतं. वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा: कात टाकणे. अर्थ त्यानं बरोबर लिहिला होता. वाक्य लिहिलं होतं, ‘आमच्या कडब्याच्या गंजीत सापाने कात टाकली.’ मी लाल शाईनं खाली रेघ मारून लिहिलं होतं, ‘हा वाक्प्रचार नव्हे’, आणि अर्धा गुण कापला होता. नियमाला धरूनच होतं ते. शब्दशः अर्थ घेतला की वाक्प्रचार उरत नाही, हे मीच वर्गात शिकवलं होतं. ज्यांनी ‘आमच्या शाळेने कात टाकली’ असं लिहिलं त्यांना पूर्ण गुण मिळाले असणार. शाळेला अंग नाही, खवले नाहीत, पण गुण पूर्ण.

त्या रात्री हे मनात घोळत राहिलं. ‘कात टाकणे’ हा आपला लाडका वाक्प्रचार. पेपर उघडावा तर बसस्थानक कात टाकतं, बाजार समिती कात टाकते, गावोगावची ग्रंथालयं कात टाकतात. बहुतेक ठिकाणी भिंतीला रंग दिलेला असतो, इतकंच. साप जणू उभ्याउभ्या सदरा उतरवतो आणि नवा होऊन निघतो, असं त्या शब्दामागचं चित्र आहे. हे काही आजचं नाही. बृहदारण्यकात वारुळावर पडलेल्या कातीचा दृष्टांत आहे; ज्ञान झालेल्याचं शरीर तसं मागे पडून राहतं, अशा अर्थाचा. ऋषींनी वारूळ पाहिलं, वर पडलेली कात पाहिली. साप तोवर निघून गेलेला होता. आम्ही भाषा शिकवणारेही निघून गेलेल्या सापाचीच कात शिकवत आलो. तीसुद्धा अखंड, डोक्यापासून शेपटापर्यंत.

अशी अखंड कात आमच्या घरात एक होती. माझ्या सासूबाईंच्या लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांच्या आणि दोन जुन्या नथींच्या सोबतीनं, पिवळ्या पडलेल्या मलमलीत गुंडाळलेली. कात पेटीत असली की पैसा हलत नाही म्हणायच्या. पैसा हलत नव्हता हे खरंच होतं. नसलेला पैसा कुठं हलणार. लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी ती मला उलगडून दाखवली होती. दोघी दोन टोकं धरून ओसरीत उभ्या होतो आणि मला वाटत होतं, केवढा मोठा साप! आता कळलं की कात नेहमी सापाहून लांब असते. खवल्यांच्या मधली घडीतली कातडी निघताना ताणली जाते. शिवाय ती उलटी निघते, पायातला मोजा वरून गुंडाळत काढावा तशी, म्हणजे सासूबाई मला सापाची आतली बाजू दाखवत होत्या. माझ्या या विद्यार्थ्याला कात दाखवा, तो खवल्यांच्या रांगा मोजून साप सांगतो. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असली की मण्यार. प्रत्येक खवल्यावर उभी कड आली, अंगठ्याला खरखर लागली, की परड, म्हणजे पुस्तकातली घोणस. सासूबाईंची कात कुणाची होती ते आता कळायला मार्ग नाही. वाटण्यांच्या वेळी पेटी दिराकडे गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे निवळले. मी आनंदानं फोन केला, झालं वाटतं. तो हसला. “आत्ता तं सुरुवात हाये मॅडम. डोळा निवळला म्हंजे अजून चार दिवस.”

त्या चार दिवसांत काही घडलं नाही. मी दिवसातून सहा वेळा जाऊन पाहत होते आणि ती पोत्याच्या घडीत, फक्त पाठीचा एक वळसा दिसेल अशी पडून होती. सापाचं खाणं-पिणं नाही, हालचाल नाही, आवाज नाही. आजारी माणसाजवळ बसल्यावर निदान त्याला बोलता येतं. फक्त एकदा, पाचव्या दिवशी दुपारी, तिला पाणी पिताना पाहिलं. हनुवटी पाण्याला टेकवून ती निश्चल होती आणि जबड्याच्या मागे बारीक हालचाल चालली होती, घोट घोट, बराच वेळ. आमच्याकडे नळ रोज येत नाही. ड्रम, हंडे, टाकी असं सगळं मोजून वापरायचं. त्यात हिचं भांडं रोज दोनदा बदलायचं, पोतं ओलं ठेवायचं. काढलेलं पाणी मी कढीपत्त्याला घालत होते. कढीपत्ता त्या उन्हाळ्यात बरा फुटला, पण ते पाण्यामुळे की सापामुळे यावर शेजारी दोन मतं आहेत.

तिला पाणी पिताना पाहून मला माहेरच्या गावातला गारुडी आठवला.

आठवडी बाजारात तो यायचा, श्रावणात तर घरोघर. वेताची चपटी टोपली, झाकण उघडून पुंगी डोलावली की नाग उभा. फणा काढलेला, पण त्यात काही ताठपणा नसायचा. एका वर्षी त्याच्याकडे केसाळ नाग होता. फण्याच्या मागे, मानेवर, पांढुरके केस. “शंभर वर्षाचा हाये माय, म्हून केस आले,” तो म्हणायचा, आणि बायका पदर डोक्यावर ओढून पाया पडायच्या. माझ्या आजीनं त्याच्यापुढं वाटीभर दूध ठेवलं. तो ते प्यायला. त्या वर्षी दूध आम्हा मुलांना मिळालं नव्हतं, आणि तरी मला त्याचा राग आला नाही, इतकी मी भारावले होते. नागपंचमीच्या दिवशी आमच्या घरी तवा चुलीवर चढत नाही, विळी चालत नाही, कुणाच्या मुलाबाळांना इजा होऊ नये म्हणून.

सापाला दूध लागत नाही, हे पुढे विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. नागपंचमीआधी गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवतात, मग तो पुढे येईल ते पितो. हे कळून पुष्कळ वर्षं झाली. केसांचं कोडं मात्र उरलं होतं. ते परवा माझ्या या विद्यार्थ्याशी बोलताना सुटलं. सापाच्या अंगाला केस येतच नाहीत. काही गारुडी जनावराचे केस कातडीत खोवून बसवतात. पण बऱ्याचदा ते केस नसतातच, अडकलेली कात असते. कात सुटते ती ओठांपासून. साप ओठ दगडाला, झाडाच्या खोडाला घासतो, तिथं ती फाटते आणि मग तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. गारुड्याच्या सापाचे दात मोडलेले, तोंड सुजलेलं, कधी ओठच शिवलेले. घासायला दगड नाही, टोपलीत ओल नाही. मग कात फाटायची कुठून आणि सुटायची कशी? ती जिथं तिथं वाळते, चिंध्या होऊन लोंबते. वर्षावर वर्षाचे थर.

मी आठवून पाहिलं. त्या नागाचे केस वाऱ्यावर हलत होते आणि उन्हात त्यांच्यातून पलीकडचं दिसत होतं. केसातून कसं दिसेल?

म्हणजे ज्याच्या अंगावरून कात निघता निघत नव्हती, त्याच्या आम्ही पाया पडत होतो.

सहाव्या दिवशी रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो अमेरिकेत डलासला असतो, आणि मागच्या खोलीतल्या पाहुणीची बातमी ह्यांच्या बहिणीनं तिथवर पोचवली होती. त्याचा खोलीतला जोडीदार बॉल पायथन पाळतो, आफ्रिकेतला लहानखोर अजगर. तिकडे तसं चालतं. काचेची पेटी, आत दिवा, भिंतीला हवेतली ओल दाखवणारं घड्याळासारखं यंत्र. हिवाळ्यात घरात हीटर लागला की हवा कोरडी पडते आणि त्या अजगराची कात तुकड्यांत निघते, मग ते लोक झाकणाच्या डब्यात ओलं शेवाळ भरून त्याला तिथं ठेवतात. “मामी, तुमच्याकडे ह्युमिडिटी किती आहे?” त्यानं विचारलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. लू थांबली होती, पण लिंबाचं पान हलत नव्हतं, दोरीवर घातलेलं धुणं अर्ध्या तासात पापडासारखं झालं होतं. तेवढी आहे, म्हटलं.

सातव्या दिवशी पहाटे विटेवर खरवडल्याचा आवाज आला.

ओठ सुटले होते. वरच्या ओठाची कात डोक्यावर उलटी होऊन टोपीसारखी मागे गेली होती आणि खाली नवं डोकं होतं, तपकिरी, ओलसर, ओठांवरच्या काळ्या रेघा शाईनं नुकत्या ओढल्यासारख्या. ती विटेला अंग घासत पुढे सरकत होती, आणि एकेका वितीनं स्वतःतून बाहेर येत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. चहा गार झाला. विटेच्या आणि डब्याच्या फटीतून ती गेली, मागे कातीची वळकटी राहत गेली, आणि मग पहिल्या जखमेपाशी सगळं थांबलं. फास बसला होता तिथं नवी कातडी नीट धरलेली नव्हती. जुनी तिला चिकटून बसली होती. तिनं ओढून पाहिलं, पुन्हा विटेला घासलं. मागची कात सैल न होता वाळत गेली. दुपारपर्यंत गळ्याखालच्या दीड हातावर नवी धामण आणि पुढं सगळी जुनी, मध्ये कुरकुरीत कागदाची चोळामोळा झालेली पट्टी. आणि डाव्या डोळ्यावरची काच तशीच राहून गेलेली. डोक्याची कात निघताना ती मागे सुटली होती.

माझे हात शिवशिवत होते. टोक तर समोर दिसत होतं. चिमटीत धरून एकदा ओढलं की मोकळी. शाळेतल्या फळ्यावर चिकटवलेलं तक्ते लावायचं टेप निघत नाही तेव्हा आपण जसं ओढतो, तसं. तो आला आणि पहिलंच वाक्य बोलला, “ओढलं नाही ना काही?”

“नाही.”

“चांगलं केलं. खालची कातडी कच्ची राहते. संगं येते मंग.”

मग जे दोन दिवस चाललं त्याला मदत म्हणायचं तर म्हणा. कोमट पाणी डब्यात चार बोटं, कोपरानं पाहून घेतलेलं, बाळाच्या आंघोळीचं पाहतात तसं. त्यात तिला वीस मिनिटं. मग ओल्या पोत्याच्या गुंडाळीत तिला तिची ती फिरू द्यायची, आत शिरायची आणि दुसऱ्या टोकानं निघायची. मग पुन्हा विश्रांती. संध्याकाळी पुन्हा तेच. आठव्या दिवशी त्यानं माझ्याकडे ओला टॉवेल दिला. मी टॉवेलमध्ये सैल मूठ धरायची आणि तिनं त्यातून सरकत जायचं. दाबायचं नाही, धरून ठेवायचं नाही. मुठीनं फक्त असायचं.

साप बुळबुळीत असतो असं मी जन्मभर समजत होते. कोरडं, घट्ट, आतून सतत कुठंतरी चाललेलं काहीतरी माझ्या हातातून गेलं. टॉवेलच्या आत बारीक चुरचुर होत होती, सुका लसूण सोलतानाची. आणि मग ती जखमेजवळची पट्टी हलली. भरताचं वांगं भाजून पाण्यात टाकल्यावर जशी त्याची साल एका जागी फुगून सुटते, तशी ती सुटली, आणि टॉवेलातच राहिली. मी ओरडले असेन. ह्यांनी बाहेरून विचारलं, “चावली का?”

“मॅडम,” तो खाली मान घालून, शेपटाकडे बघत म्हणाला, “आता करा वाक्यात उपयोग.”

शेपटाच्या टोकाला त्यानं सगळ्यात जास्त वेळ दिला. तिथं कातीची वेटोळी राहिली तर वाळून आवळतात, रक्त पोचत नाही आणि टोक काळं पडून झडतं. मी दोन वेळा म्हटलं असेल, एवढंसं तर आहे. तो ऐकत नव्हता. ओल्या कापसानं, अंगठ्यानं, एका दिशेनं. त्या मुलाचं अक्षर मी वर्गात सगळ्यांना दाखवून हसले होते, ते उगाच त्या वेळी आठवलं.

डोळ्याला मात्र त्यानं हात लावला नाही. ओला कापूस ठेवून पाहिला, नाही सुटली काच. डॉक्टरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, चिमटा लावाल तर खालची काच जाईल, डोळा जाईल. बहुधा पुढच्या कातीसोबत निघेल. जखमा धरत आल्या आहेत, खाऊ-पिऊ शकते, सोडा.

दरम्यान शेजारच्या काकू रोज दारापर्यंत येऊन जात होत्या. “धामण हाये तं नाग येईनच मांगून,” त्यांचं म्हणणं. “नवरा हाये तो तिचा.” धामण आणि नाग हे वेगवेगळे साप, त्यांचा काही संबंध नाही, धामणीचा नवरा धामणच, असं त्यानं त्यांना समजावलं. पण मराठीत नर असला तरी ‘ती धामण’ म्हणायचं, यामुळे काकूंचं समाधान होईना. मला व्याकरणाचा असा पराभव पाहायची सवय नाही. मी गप्प राहिले. शिवाय आमची धामण नर की मादी ते आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं.

कातीचे सात तुकडे निघाले. मी ते पेपरावर ओळीनं मांडले. सासूबाईंच्या पेटीत ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन तुकड्यांवर तंगूसाची आडवी रेघ उमटलेली, खवल्यांची रांग तिथं मोडून पुन्हा सुरू झालेली. डोक्याच्या तुकड्यात उजव्या डोळ्याची काच होती, टिकलीएवढी, स्वच्छ. डाव्या बाजूला भोक. भोकातून पाहिलं तर पेपरमधली छापील अक्षरं दिसली. तो म्हणाला, शाळेतल्या पोरांना दाखवायला द्या. तो शाळाशाळांत साप ओळखायला शिकवतो. लहानपणी सहलीला कात्रजच्या सर्पोद्यानात गेला होता. ते सर्पोद्यान १९८६ साली सुरू करणारे नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते, हे तो अजून कालच घडल्यासारखं सांगतो. मी सहा तुकडे दिले. डोक्याचा ठेवून घेतला. तो काही बोलला नाही.

नवव्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही तिला घेऊन निघालो. जिथं सापडली होती त्याच शिवारात, पण जाळं नसलेल्या बाजूला, नाल्याच्या काठी. जमीन नांगरून पडलेली, ढेकळं हाताएवढी, काळ्या मातीला भेगा इतक्या रुंद की पायातली चप्पल अडकावी. पलीकडे मेहकरच्या दिशेनं आभाळात नुसता धुरळा होता. पिशवीचं तोंड सोडून तो मागे झाला.

ती लगेच गेली नाही. अर्धी पिशवीत, अर्धी ढेकळांवर अशी थांबली, जीभ बाहेर. अंगावर उतरतं ऊन होतं आणि ती पुन्हा तेल लावल्यासारखी दिसत होती; फक्त दोन ठिकाणी आडवे निस्तेज पट्टे, फासाचे. मग सगळी बाहेर आली, घाई न करता एका भेगेच्या कडेकडेनं चालू लागली. वळताना तिची डावी बाजू आमच्याकडे होती. आम्ही तिला दिसत होतो की नाही, ते काही कळलं नाही. भेग रुंद झाली तिथं डोकं आत गेलं, मागून बाकीचं अंग. एवढी लांब धामण, तिला आत जायला वेळ लागला.

आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो. त्यानं पिशवी झटकली, उलटी करून पाहिली, घडी घातली.

“मॅडम, पाणी आणलं का प्यायला?”

बाटली मी भरून ठेवली होती. ती मागच्या खोलीत, डब्यापाशीच राहिली होती.